दोन पांढरे

नान्ना म्हणायचे, पांढरे दोन असतात.
फोरमन येमूल म्हणायचे,
राजय्या, पगार एकाच पांढऱ्याचा मिळतो.

अक्कलकोट रोडचं डायहाऊस. शेड जुळवायची काळी पेटी.
आत जांभळी नळी लागली
की टिनोपालचा टॉवेल निळा पेटे,
साधा टॉवेल मढ्यासारखा पडून राही.
एवढं सगळ्यांनाच दिसायचं.
पण नळी स्वतः
सगळ्यांना मिणमिणती, विझायला आल्यासारखी,
आणि नान्नांना, चष्मा कपाळावर सरकवला की, लख्ख.
पालु, पालु, म्हणत.
दूध सांडलंय नळीत.

एकोणऐंशी साली मागावरचा धोटा उडून
डाव्या डोळ्यावर बसला होता.
आधी फूल पडलं, मग शाळेच्या व्हरांड्यात शिबिर,
आणि डोळ्यातलं भिंग काढून टाकलं.
बदल्यात काही घातलं नाही. तेव्हा घालत नसत.
एक जाड काच दिली नाकावर ठेवायला.
विणकर गेला, रंगवाला झाला.

हे कळायला मला एम.एस्सी. करावं लागलं.
भिंग नुसतं भिंग नसतं, पहारेकरी असतं,
किंचित पिवळं,
जांभळ्याच्या पलीकडचं दारातच थोपवणारं.
आत पडद्यावर ऑप्सिन बसलेलं असतं,
त्याच्या कुशीत अ जीवनसत्त्वाची एक वाकडी काडी.
उजेड लागला की काडी सरळ होते.
झालं. एवढ्यालाच बघणं म्हणतात.
निळ्याच्या ऑप्सिनला पलीकडचंही थोडं चालतं,
कुणी येऊ दिलं तर.

उंदराचं भिंग काहीच अडवत नाही.
म्हणजे नान्ना,
सूतगोदामातला उंदीर तुमच्या बाजूने होता,
त्याला कुणी विचारलं नाही.

लाव्याचं तर आणखी पुढचं.
त्याचे डोळे झाका,
तरी दिवस लांबल्याचं त्याला कळतं.
पिसांतून, कवटीतून
झिरपून येतं तेवढं त्याला पुरतं.
खोल मेंदूत एक प्रथिन जागं असतं,
न्यूरॉप्सिन त्याचं नाव,
ते अंधारात बसून उजेड मोजतं
आणि नान्नजच्या माळावर
एखादा नर अचानक ओरडायला लागतो.

शेवटच्या बाकावरची कोंडाबत्तुल विचारते,
मॅडम, आपल्यात आहे का ते?
आहे. पडद्यात आहे, कातडीत आहे.
काय करतं?
खिडकीबाहेर एप्रिल, त्रेचाळीस अंश,
सायकल स्टँडचा पत्रा बघवत नाही.
मी फळा पुसते.
थोडं माहीत आहे, बाकीचं अजून नाही, म्हणते,
आणि उगाच बाही मनगटापर्यंत ओढते.

गेल्या दिवाळीनंतर उजवा डोळा.
आता व्हरांडा नाही, एसी आहे,
काउंटरवरची मुलगी विचारते, पिवळी लेन्स टाकू का काका,
उन्हातलं वाईट अडवते.
नान्ना माझ्याकडे बघतात.
मी हो म्हणते. हजार रुपये जास्त.

काल प्रयोगशाळेतला काळ्या काचेचा टॉर्च
पर्समधून घरी आणला. रजिस्टरमध्ये लिहिला नाही.
दत्तनगरची लाईट गेलीच होती.
जर्मनचं झाकण भिंतीला टेकवलं, त्यावर झोत टाकला.
मला झाकण दिसेना.
नान्नांची बंडी दिसत होती, भुतासारखी निळी,
आणि हसले तेव्हा दात.

उजवा डोळा तळव्याने झाकला.
पालु, म्हणाले.
मग डावा झाकला.
काही नाही. कारखाना बंद.
पुन्हा उजवा. पुन्हा डावा.
चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस
दार उघडतो आहे, लावतो आहे,
आणि मी दारातच उभी, काळ्यात काय बघतेस असं
मलाच कुणी विचारल्यासारखी.

येमूल आहे का गं अजून?
नाही नान्ना. कोविडमध्ये गेले.
हं.
बराच वेळ झाकणाकडे बघत राहिले,
उजव्यावर हात तसाच.

मग म्हणाले, बंद कर,
सेल संपतील कॉलेजचे.