सातवा रकाना

लँकेशायरातलं गिरण्यांचं गाव, एकोणीसशे अकराचा ऑगस्ट.
नगर-कचेरीत आर्थर थ्रेलफॉल नोंदी उतरवतोय.
वय अकरा आठवडे. कारण: हगवण.
वय पाच महिने. कारण: वरीलप्रमाणे.
वरीलप्रमाणे.
वरीलप्रमाणे.
टाक बुडवताना दौतीच्या काठावरची माशी उडते,
पुन्हा तिथेच बसते.

पुढचा पत्ता: टॅनर्स रो, नऊ.
सातमध्ये तो स्वतः राहतो.

केझाया शटलवर्थ पहाटे साडेपाचला मागावर जायची.
बाळ शेजारच्या म्हातारीकडे,
डब्यातलं गोड दूध पाणी घालून वाढवलेलं,
आणि लांब रबरी नळीची बाटली,
जिच्या आत कुठलाच ब्रश पोचत नाही.
परसाच्या भिंतीपलीकडे लिदीचा ढीग. सहा आठवडे पाऊस नाही.

दुपारी, मागांच्या खडखडाटात,
तिला पान्हा दाटून यायचा. पोलकं भिजायचं.
बाळ गेल्यावरही चार दिवस भिजत राहिलं.
त्याला रकाना नाही.

कचेरीची बाई आली, नळी हुंगली,
म्हणाली, "अंगावर पाजायचं होतंस गं."
केझाया म्हणाली, "हे मुकादमाला सांगा."

एनॉक शटलवर्थ.
रकाना अरुंद, आडनाव खालच्या ओळीत उतरतं.
भिंतीतून आर्थरने तीन रात्री रडणं ऐकलं होतं.
चौथ्या रात्री त्याला छान झोप लागली,
हे त्याने बायकोलाही सांगितलेलं नाही.

सातव्या रकान्यात तो आज वरीलप्रमाणे लिहीत नाही,
अख्खा शब्द लिहितो.
हगवण.
टिपकागद दाबतो.
खाली अजून अर्धं पान आहे.