दहाची गोळी

मसाला मार्केटात तीस वर्षं
पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेतलेला माणूस
दहा मिलिग्रॅमला घाबरला.
"अफूच ना ही? मग नको.
आमच्या सात पिढ्यांत कुणी..."
मणक्यातून कळ गेली
नि वाक्य तिथंच राहिलं.

सिस्टर लिन्सी खाटेच्या कडेला टेकल्या.
"दादा, कळ यायची वाट बघायची नाही,
घड्याळ बघायचं.
सहा, दहा, दोन, सहा.
रात्री दहाला दोन, मग मध्ये उठायला नको.
आणि पोट साफ व्हायचं औषध रोज.
ते चुकवलंत तर मला फोन करू नका."
हसल्या.

सुजितच्या दहावीच्या वहीत मागची पानं कोरी होती.
वेळ, गोळी, दुखणं दहापैकी किती.
नऊ. नऊ. सात.
गुरुवारी चार,
आणि चहात साखर कमी म्हणून ह्यांनी कप आपटला.
तीन महिन्यांनी भांडले माझ्याशी.
मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले
बराच वेळ.

गोळ्या पत्र्याच्या डबीत, डबी कपाटात,
किल्ली माझ्या कमरेला.
समोरचे घाडगे आले, कंबर धरून:
"वहिनी, एकच द्या, गादी सरकलीय माझी."
हॉस्पिटलात रक्त द्यायला धावलेला माणूस.
नाही म्हणाले.
कोपरखैरण्याच्या त्या गल्लीत दारं समोरासमोर.
महिनाभर त्यांच्या दारातून नुसता टीव्ही बोलला.

एका रात्री हे जास्तच गुंगीत.
हाक मारली की हूं, पुन्हा गप्प.
सिस्टर फोनवर: पुढची गोळी देऊ नका.
छातीकडे बघा. एक मिनिट. श्वास मोजा.
गावाकडं खळ्यात सासरे मोजायचे
तसं तोंडातून आपसूक आलं:
लाभ, दोन, तीन...
चौदा.
"ठीक आहे. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. मी लाईनवर आहे."
उजाडेपर्यंत मी एवढं धान्य कधी मोजलं नव्हतं.

सातव्याला दीर विचारत होते,
शेवटी शेवटी सवय लागली होती का त्याला?
मी काय सांगू.
दहा वाजले की माझाच हात कमरेशी जातो.

उरलेल्या बावीस गोळ्या खारघरला परत नेल्या.
खिडकीतल्या पोरीनं दोनदा मोजल्या,
रजिस्टरात माझी सही घेतली,
डबी पुढं सरकवली.

आणली घरी.
धुतली, उन्हात ठेवली.
लवंगा आहेत आता तिच्यात.