आकसण्याची सूट

उद्यमनगरात पॅटर्न म्हणजे लाकूड.
सागाचा व्हॉल्व्ह, सागाचं पंपाचं पोट,
वाळूत दाबायचं, अलगद उचलायचं,
उरलेल्या पोकळीत भट्टी बोलते.
तीस वर्षं मी तेच करतोय.
म्हणून पोरगी पहिल्यांदा घरी येऊन म्हणाली,
"आबा, आज पॅटर्न शिकलो,"
तेव्हा मी सरळ विचारलं, कुठल्या लाकडाचा?

आज ती मॅटवर.
पाठीवर झाडाच्या आकाराची अक्षरं,
शेजारी ताश्कंदची मोहिरा, दोघींमध्ये चार हात अंतर.
राजनंदिनी सुतार, माईकवाला झोकात म्हणाला,
मोहिराच्या आडनावात मात्र दोनदा ठेचकाळला.

तोई-गे. सदतीस हालचाली.
मला तोंडपाठ आहेत, पायपाठ नाहीत.
मधे सहा वेळा हात वर धरून
पाय आपटत गिरकी घ्यायची असते.
वर्षभर गच्चीवर, टाकीच्या आडोशाला, तिनं तेवढंच घोटलं.
खालच्या इंगवले वहिनी जिन्यात गाठून विचारायच्या,
"रातचं वर चटणी कोण कुटतंय हो?"

दोघी एकदमच निघाल्या.
एक, दोन, तीन.
हॉल गप्प. खुर्च्यासुद्धा करकरेनात.
चार, पाच.
सहाव्याला नंदीची टाच आत पडली.
किती? एक सूत.
कुणाला दिसणार नाही म्हणा,
पण माझा डोळा त्याच कामाचा पगार घेतो.
पाच पंच. तीन निशाणं निळी.

मग दुपारी फायटिंग. तीच मोहिरा समोर.
त्याआधी कोपऱ्यात ती खाली बसलेली,
हातात पायाचं गार्ड, पट्टा मुळापासून उसवलेला,
तिचे कोच कुणाला तरी फोन लावतायत.
माझ्या पिशवीत आरी असतेच, मेणाचा दोराही.
आठ टाके घातले. ओढून बघितला.
तिनं छातीवर हात ठेवून मान लववली,
मी म्हणालो, असू दे, असू दे,
तिला ते कळलं असावं.

पहिल्या फेरीत
माझ्याच आठ टाक्यांचा पट्टा
माझ्याच पोरीच्या बरगडीवर.
एकदा. परत एकदा.
घोरपडे सर ओरडतायत, अंतर ठेव, अंतर!
मागच्या रांगेत एक म्हातारा पैलवान,
कान मोडलेला, नातवाला घेऊन आलेला,
तो आपला सांगतोय, "पट काढ की गं!"
इथं धरायला बंदी आहे, मी वळून म्हटलं.
"मग कशाला खेळायचं?" तो म्हणाला.

मला मात्र तिचे खांदे दिसत होते.
आत, आणखी आत.
बीड निवताना आकसतं,
फुटामागे एक सूत.
म्हणून पॅटर्न मापापेक्षा थोडा मोठा करायचा,
त्याची वेगळी पट्टी मिळते, खोटी पट्टी म्हणतो आम्ही,
तिच्यावरचा फूट खऱ्या फुटाहून लांब असतो.
हे मला कुठल्याही पंपाच्या बाबतीत झोपेत सांगता येतं.
पोरीच्या बाबतीत
मी कुठल्या पट्टीनं मोजत आलो?
हळू चाल, हळू बोल, पाव्हणे आलेत.

दुसरी फेरी.
सरांनी काय सांगितलं ऐकू आलं नाही.
नंदीनं दातातलं गार्ड नीट बसवलं
आणि मॅटच्या मधोमध जाऊन उभी राहिली,
जणू जागा तिच्या नावावर आहे.
मोहिरा आली, ही हटली नाही.
उजवा पाय कधी सुटला ते मला दिसलंच नाही,
मोहिराच्या हेल्मेटवर फाट्कन आवाज झाला तेवढा ऐकला.
म्हातारा उठून उभा. नातू खुर्चीवर उभा.
मी बसूनच होतो, गुडघे ऐकत नव्हते.

हरली. दोन गुणांनी.
मोहिरानं तिला उचलूनच घेतलं, मग फोटो, मग पाणी.
माझ्याकडे आली तेव्हा मी
वाक्य तयार ठेवलं होतं, सुताचं, सुटीचं, बिडाचं.
तिनं डोबोक वर करून बरगडी दाखवली,
लाल ओरखडा, बोटभर.

"आबा, गाठ बाहेर ठेवलीत?
आत घ्यायची असती. तुम्हाला सांगाय पाहिजे?"