कागद चिकटायला हवा

"उभी असते तेव्हा शहाणी," मिशारी म्हणतो,
"पळाली की हरारा."
आणि बोटाने काटा वर नेऊन दाखवतो,
जणू मला काटा माहीत नाही.

चौऱ्याण्णवची सुप्रा. मिशारीहून सात वर्षांनी मोठी.
टर्बो भाकरीच्या तव्याएवढा.
समोर इंटरकूलर, रेडिएटरच्या दारात,
शेजाऱ्याने ओटा पुढे वाढवावा तसा.
शुवैखच्या आमच्या गल्लीने एकमताने त्याच्याकडेच बोट दाखवलं:
वारा अडतो, काढून टाक.
मिशारी म्हणाला, तो काढणार असशील
तर गाडी ठेव तुझ्याकडे, मी चालत जातो.
बाहेर एकोणपन्नास. कोणी चालत जात नव्हतं.

मग मी आपला रीतीने लागलो.
थर्मोस्टॅट टेकनाथच्या चहाच्या पातेल्यात उकळला,
ब्याऐंशीला त्याने तोंड उघडलं, इमानदार.
(टेकनाथने पातेलं फेकलं, दोन दिवस अबोला.)
झाकण बदललं. पंप फिरवून पाहिला.
रेडिएटर उतरवून एका बाजूने पाइप लावला,
दुसऱ्या बाजूने पाणी धो धो, काही तक्रार नाही.
हेड गॅसकेट मी मुद्दाम मागे ठेवलं होतं,
डॉक्टर एखादा शब्द मागे ठेवतात तसं.
निळं औषध निळंच राहिलं.
पुढची चाकं रॅम्पवर चढवून अडकलेली हवा काढली,
अर्धा तास बुडबुडे मोजत.

जहरा रोडला नेली.
शंभरला काटा हलला, एकशे दहाला चढला.
हीटर पुरता सोडला तेव्हा जरा थांबला.
बाहेर ती भट्टी, आत हीटर,
आणि आम्ही दोघं शेजारी शेजारी,
भुवयांतून पाणी गळत,
लग्नात न बोलणाऱ्या व्याह्यांसारखे समोर बघत.

एकवीस वर्षं हेच पाहिलं:
गाडी सिग्नलला तापते, वारा लागला की निवते.
हिला वारा लागला की ताप.

मगरिबनंतर इंजिन चालू ठेवून बसलो होतो.
टेकनाथ ग्रिलसमोर उकिडवा,
एक्सचेंजची पावती पुन्हा वाचत.
पावती उडाली.
आत नाही. बाहेर.
त्याच्या नाकाला लागून रस्त्यावर,
टायरवाल्याच्या शटरपर्यंत.
तो तिच्यामागे धावला.
मी जागचा हललो नाही.

कागद चिकटायला हवा.
जाळीपुढे धरला की पंख्याने ओढून घ्यायला हवा.
चार पोरांना मी हेच शिकवलंय.

रस्त्याचा वारा आत येतोय,
पंखे बाहेर ढकलतायत,
मधे पाणी, कोणाचं ऐकावं ते न कळून.

बॅटरी घेऊन वायरीमागे गेलो.
लाल काळ्याला, काळी लालला.
कोण गाढव, म्हणत टेपवर नख लावलं
आणि नख तिथेच राहिलं.
टेप उलट्या अंगाने गुंडाळलेली,
शेवटचं टोक आत खोचलेलं.
या गल्लीत डावखुरा मी एकटा.

मार्चमधली रात्र आठवली. नवे पंखे,
फोन खांद्याने कानाशी दाबलेला,
हर्णैहून तस्नीम. नव्या घराची जमीन.
ती म्हणत होती, लाल कोबा.
मी म्हणत होतो, काळा कडप्पा.
लाल. काळा. लाल. काळा.
हात आपले काम करत होते.

वायरी बदलायला चार मिनिटं.
टेकनाथने पावती जाळीला लावली,
ती चिकटली. तो हसला, मी नाही.

एकशे वीसला काटा मधोमध, झोपलेला.
मिशारीने पाकीट काढलं.
मी म्हटलं, नको, गॅरंटीत आहे.
"कसली गॅरंटी?" त्याने विचारलं,
आणि मला अरबी येईनासं झालं.

रात्री तस्नीमला लिहिलं: लाल घाल.
तिचं उत्तर लगेच आलं.
कधीच घातला.
पाणी मारतेय त्यावर, नंतर बोलते.