सोमवारचा रिपोर्ट

रिपोर्ट सोमवारी. मधे एक रविवार.
नळाला पाणी यायचा आज पाचवा दिवस,
रात्री दोनला रिकामी घागर मांडून बसलेय.

साखर पेठेतले माग बंद.
खटखट नसली की छातीतली ऐकू येते.

प्रार्थनेला बसलं की वाक्यं तुटतात.
शांतवन तुटलेला धागा सांधायचा
थुंकी लावून, दोन बोटांत पीळ देऊन,
ठेकेदार ओरडायच्या आत.
तशीच मी म्हणते:
प्रभू… त्याचं फुप्फुस… प्रभू.
नुसत्या गाठीच.
घे, चालतील तुला.

आत तो खोकतो. मग झोपतो.

आमेन राहूनच जातं,
कारण नळ फुसफुसतो.
आधी हवा,
बराच वेळ नुसती हवा.
मी उठत नाही.
घागर जरा पुढे सरकवते.