कोटाचा सोगा

माझं काम विचाराल तर एवढंच:
थोरल्या कोचचा तोल सुटला,
पंचाच्या अंगावर जायला तो रेषा ओलांडू लागला
की मागून त्याच्या कोटाचा सोगा धरायचा.
टीव्हीवर कधी दिसलोच तर हात दिसतो,
मनगटापर्यंत.
मार्वा म्हणते, घड्याळावरून ओळखते मी तुला.

सुरुवात साउथ डकोटात, बिनपगारी.
पदाचं नाव लांबलचक, काम धोब्याचं:
पोरांचे मोजे, बनियनी, टॉवेल,
आणि मशीनच्या घरघरीत रात्री दोनला
उद्याच्या संघाचे व्हिडिओ कापत बसणं.
त्यांचा डावरा पोरगा घाबरला की उजवीकडे वळतो
हे मला त्याच्या आईआधी कळलेलं.
झोपायचो व्यायामाच्या गाद्यांवर.
याला उमेदवारी म्हणतात.
शब्दातच उमेद घालून दिलेली असते,
वेगळा पगार कशाला.

मग ओहायो. मग आयडाहो,
विमानतळ तीन तासांवर, बर्फ दारात.
मग पुन्हा ओहायो, पण दुसरं, वाईट.
थोरला हरला की आम्ही सगळे हरतो;
त्याला करारातले उरलेले पैसे मिळतात,
आम्हाला खोके.
एका खोक्यावर मार्वाच्या अक्षरात ‘स्वयंपाकघर’,
ते खोडून ‘डेलियाची पुस्तकं’,
ते खोडून नुसतंच ‘नंतर’.
विंचवाचं बिऱ्हाड निदान पाठीवर असतं.
बालवाडीत बाईंनी डेलियाला विचारलं, तुझं गाव कोणतं?
म्हणाली, आम्ही सध्या निळे आहोत.

मिसिसिपीतलं एक स्वयंपाकघर आठवतं.
जेवॉन सहा फूट नऊ इंच,
दारातून येताना सवयीनं मान तुकवणारा.
आई रात्रपाळीची नर्स, पायात अजून कामाचे बूट.
तिनं शिष्यवृत्तीचं विचारलं नाही, खेळाचं नाही.
माझ्यापुढे भेंडीची ताटली सरकवत म्हणाली,
चारही वर्षं तुम्ही असाल ना तिथे?
मी हो म्हणालो.
तोंडात घास होता, म्हणून नुसती मान हलवली,
पण ते हो होतं.
एप्रिलमध्ये आम्ही खोके भरले.
तिचं नाताळचं कार्ड अजून येतं,
दोन जुन्या पत्त्यांवरून फिरून,
पिवळ्या चिकटपट्ट्या लावून.
त्यात राग नसतो. तेच जड जातं.

यंदा फेब्रुवारीत, एका मंगळवारी, थोरल्याला काढलं.
मला म्हणाले, मोसम संपेपर्यंत तू सांभाळ.
सेहेचाळिसाव्या वर्षी पहिली खुर्ची.
दारावर कागद चिकटवला: ‘हंगामी’.
आंब्यासारखा, सहा सामन्यांपुरता.

पहिल्याच सामन्यात, दुसऱ्या डावात,
आमच्या पोराला सरळ कोपर बसलं आणि शिट्टी वाजली नाही.
मी उठलो. एक पाय रेषेपलीकडे,
आणि तिथेच, ओरडता ओरडता,
मी मागच्या ओढीची वाट पाहिली.
पाठ मोकळी होती.
इतकी मोकळी पाठ माझी कधीच नव्हती.
पंचानं माझ्याकडे जवळजवळ मायेनं पाहिलं
आणि दंड दिला.
हरलो अकरांनी. दोष त्या दोन फेकींचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी कोल्बीला बोलावलं,
आमचा धोबी, तेवीस वर्षांचा, गादीवर झोपणारा.
माझा कोट घालून त्याला दाखवलं:
खांद्याला नको, अपमान वाटतो.
खिशाखाली धर, मुठीत, शिवण सोडून.
ओढायचं नाही. नुसतं कळू द्यायचं की तू आहेस.
तो म्हणाला, सर, हे कुठे लिहिलेलं आहे?

मार्चमध्ये नवा थोरला आला, आपली माणसं घेऊन.
भला माणूस. माझा हात दोन्ही हातांत घेतला.

रात्री मार्वानं माळ्यावरून ते खोकं काढलं.
चारी बाजूंना लिहायला जागा उरली नव्हती.
तिनं ते उलटं केलं.