चतुःसीमा

रिसालदार गल्लीच्या तोंडाला, पत्र्याच्या शेडखाली
एकेचाळीस वर्षं मी लोकांच्या जमिनी लिहिल्या.
मजकूर कानडीत, बोलणं मराठीत,
भांडण दोन्हींत.
माझं कानडी अक्षर बघून रजिस्ट्रारसाहेब म्हणायचे, मोती.
मराठीत सही करतो ती कोंबडीनं उकरल्यागत.

कुठलाही दस्त घ्या,
आधी मला चतुःसीमा लागते.
पूर्वेस कल्लाप्पाचं शेत, पश्चिमेस वहिवाटीची पाणंद,
दक्षिणेस ओढा, उत्तरेस सरकारी रस्ता.
चारी बाजूंनी दुसऱ्यांची नावं आली
की मधलं आपलं.

वैजूनं बँकॉकहून कागद धाडले.
फ्लॅट घेतेय म्हणाली, तिकडं त्याला कॉन्डो म्हणतात.
बावन्न पानं. खडेबाजारात प्रिंट काढली,
पानाला तीन रुपये.
रात्रभर चतुःसीमा शोधली.
नाही.
नुसते आकडे: एकविसावा मजला, चौतीस चौरस मीटर,
आणि एक कलम,
की परक्या देशाच्या माणसाला तिथं जमीन मिळत नाही,
इमारतीतली जागा मिळते,
तीही शंभरातली एकोणपन्नासच.

म्हणजे हवाच की गं, मी म्हणालो.
हवाच बाबा. पण बाल्कनी आहे.

त्यासाठी मच्छेचा प्लॉट विकला. तीन गुंठे,
तिच्या लग्नाला म्हणून ठेवलेले;
तिनं लग्नच ठेवलं नाही.
खरेदीखत मीच लिहिलं, लिहिणावळ शून्य.
लिहून देणार भरमाजी नागोजी होनगेकर, वय अडुसष्ट,
धंदा लिखाण, राहणार वडगाव.
पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस झालं
आणि उत्तरेस काय होतं ते आठवेना.
रिक्षा करून जागेवर गेलो.
एक करंजाचं झाड. कुणाचं काय की.
घेणारा हुबळीचा पोरगा,
परवागिल्ला अंकल, म्हणाला.
त्याला काय, तो भिंत घालणार.

काल तिचा फोन आला. थांबा, कॅमेरा फिरवून दाखवते.
म्हटलं, तसं नको. मी विचारतो, तू सांग.
पूर्वेस?
लिफ्ट.
पश्चिमेस?
एक कोरियन बाई. सकाळी सकाळी मासे तळते.
दक्षिणेस?
जिना, आणि कचऱ्याची खोली.
उत्तरेस?
काच. खाली नदी.
नदीचं नाव दोनदा सांगितलं तिनं,
मला दोन्ही वेळा वेगळं लिहून झालं.

मग एकेचाळीस वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं
ते तोंडातून गेलं:
वर कोण?
थांबली. माहीत नाही. रात्री कुणीतरी खुर्ची ओढतं.
खाली?
खाली, मी खुर्ची ओढते ते ऐकणारं कुणीतरी.

जुना वीस रुपयांचा बाँड पडून होता, आता चालत नाही,
त्याच्या पाठीवर उतरवून घेतलं.
सहा सीमा झाल्या.
सवयीनं दोन ओळी कानडीत गेल्या होत्या.
त्या तशाच ठेवल्या.

शेवटी तिनं दार दाखवलं.
दारावर पितळी पाटी, मराठीत.
इथं पाटी म्हटली की आधी मोजपट्टी निघते,
कुठलं अक्षर वर, कुठलं केवढं.
आमच्या शेजारच्या शिंप्याची दोनदा उतरली,
आता तो पाटीशिवायच शिवतो.
मी विचारलं, हरकत कुणी घेतली नाही?
कुणाला वाचताच येत नाही बाबा.

फोन डोळ्यांपाशी नेला.
तिथल्या कारागिरानं वै वरची एक मात्रा गाळलीय.
वेजयंती होनगेकर.
चूकदुरुस्तीपत्र करावं लागतंय की गं, म्हणालो.
हसली.
काळा मार्कर आहे काय घरात?
आहे.
मग आत्ताच लाव.
मी धरलाय फोन.